मांजराची खाज : औषध कोणते, विष कोणते?

ज्या घरात धान्याची कोठी, कडब्याची गंजी आणि दुभत्या जनावरांचा गोठा आहे, त्या घरात मांजर केवळ हौसेखातर पाळलेले नसते. उंदीर-घुशींपासून धान्य राखण्याचे त्याचे काम बिनबोभाट चालू असते आणि त्यामुळेच त्याच्या प्रकृतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग पावसाळ्याच्या अखेरीस केव्हातरी ते सारखे अंग चाटताना, मान खाजवताना दिसू लागते. शेपटीच्या मुळाशी केस विरळ होतात, मानेवर बारीक खपल्या धरतात. घरातील कोणीतरी गोठ्याच्या फडताळातून गोचीड मारण्याच्या औषधाची बाटली काढतो आणि गाईला वापरतात त्याच प्रमाणात पाण्यात मिसळून मांजरावर शिंपडतो. हेतू चांगला असतो. परंतु काही तासांतच मांजराचे कान आणि पाय थरथरू लागतात, तोंडातून लाळ गळते, झटके येतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते दगावते. खाजेने जे मांजर मेले नसते, ते खाजेच्या औषधाने मरते.

असे प्रसंग दोन गैरसमजांतून घडतात. पहिला, मांजराची खाज म्हणजे अंगावरची घाण किंवा गोचीड. दुसरा, जे औषध गाईला, कुत्र्याला किंवा माणसाला चालते ते थोड्या प्रमाणात मांजरालाही चालेलच. प्रत्यक्षात मांजराच्या दीर्घकालीन खाजेमागे बहुधा ॲलर्जी असते, तिचे सर्वांत सामान्य कारण एक कीटक आहे आणि मांजराचे शरीर औषधे पचविण्याच्या बाबतीत इतर पाळीव प्राण्यांहून निराळे आहे. या तीन गोष्टी समजल्या, तर उपचाराची दिशा आपोआप स्पष्ट होते.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी किंवा अल्प उपद्रवी पदार्थाला शत्रू मानून अवाजवी प्रतिक्रिया देते, तिला ॲलर्जी म्हणतात. माणसात ही प्रतिक्रिया बहुतेकदा शिंका, नाक वाहणे, दमा या रूपाने दिसते. मांजरातही दमा आढळतो. परंतु ॲलर्जीचे मुख्य रणक्षेत्र त्वचा हेच असते.

मांजरातील त्वचेच्या ॲलर्जीचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार पिसवेच्या लाळेमुळे होतो. दुसरा आहारातील प्रथिनांमुळे होतो. मांजरांत गोमांस, मासे आणि कोंबडीचे मांस हे घटक यासाठी अधिक वेळा कारणीभूत ठरल्याची नोंद आहे. दूध पिऊन मांजराला जुलाब होतात ते मात्र बहुतेक वेळा दुधातील शर्करा न पचल्यामुळे. ती ॲलर्जी नव्हे. तिसरा प्रकार परिसरातील घटकांचा आहे. घरातील धुळीतले सूक्ष्म कोळी, परागकण, बुरशीचे बीजाणू यांचा त्यात समावेश होतो. साठवणुकीतील धान्यात आणि पेंडीत वाढणारे सूक्ष्म कोळीही त्याच यादीत येतात. चौथा प्रकार डासांच्या चाव्याचा. यात नाकाचा वरचा भाग, कानांच्या पाळ्या अशा केस विरळ असलेल्या जागी पुरळ आणि खपल्या दिसतात. मांजराला काही दिवस डासांपासून दूर, बंद घरात ठेवले की त्या ओसरू लागतात.

या चारही प्रकारांची बाह्य लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. केवळ डोळ्यांनी पाहून कारण ठरविता येत नाही. म्हणून पशुवैद्यक क्रमाने एकेक कारण वगळत जातात आणि त्या क्रमात पिसवेचा क्रमांक नेहमीच पहिला असतो.

पिसू : अंगावर थोडी, जमिनीत पुष्कळ

मांजरावर आढळणाऱ्या पिसवेचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडीस फेलिस. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावरही तितक्याच सुखाने राहते आणि माणसाच्या घोट्यांना चावा घेते. भारतात तिची जवळची नातलग असलेली पिसू कुत्र्यांबरोबरच शेळ्या आणि करडांवरही आढळते.

प्रौढ पिसू एकदा मांजराच्या अंगावर चढली की सहसा खाली उतरत नाही. काही मिनिटांतच ती रक्त शोषू लागते आणि एक ते दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असलेली मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ पट रक्त रोज पिते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांवरून घरंगळतात आणि मांजर जेथे झोपते तेथे सांडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात. गोणपाटाखाली, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत, कडब्याच्या तळाशी शिरतात. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे प्रौढ पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेले रक्त. पुढे अळी रेशमी धाग्याचा कोष विणते, त्यावर धूळ आणि मातीचे कण चिकटतात आणि कोष जमिनीशी एकरूप होतो.

अनुकूल हवामानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होतो. मात्र कोषातील पिसू आश्रयदाता प्राणी मिळेपर्यंत काही महिने थांबू शकते. पावलांची कंपने, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच ती बाहेर पडते. बंद पडलेले शेतघर उघडताक्षणी पायांवर पिसवा उड्या मारू लागतात, त्याचे कारण हेच.

संपूर्ण संख्येचा विचार केला तर प्रौढ पिसवांचा वाटा साधारण ५ टक्केच भरतो. उरलेल्या ९५ टक्के पिसवा अंडी, अळी आणि कोष या अवस्थांत मांजराच्या भोवतालच्या परिसरात असतात. अळीला दमटपणा लागतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती तग धरत नाही. त्यामुळे कोकण, केरळ, बंगाल यांसारख्या दमट प्रदेशांत पिसवांचा उपद्रव जवळजवळ वर्षभर राहतो, तर कोरड्या प्रदेशांत कडक उन्हाळ्यात तो मंदावतो आणि पावसाळ्यात उसळी घेतो.

येथे पीक संरक्षणातील एक परिचित संकल्पना उपयोगी पडते. पिकावरील किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारणीची गरज नसते. ॲलर्जी नसलेले निरोगी मांजरही थोड्या पिसवा सहन करते. परंतु पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजरासाठी ही पातळी जवळजवळ शून्य असते. चावा काही क्षणांचा; लाळेतील प्रथिनांमुळे भडकलेली खाज मात्र पुढे कित्येक दिवस टिकते. म्हणूनच अशा मांजरावर पिसवांची संख्या कमी आणि त्रास जास्त असे चित्र दिसते.

निदानाच्या सोप्या खुणा

मांजर आपले दुखणे लपविते. पुष्कळदा ते खाजवताना दिसतही नाही. आडोशाला बसून चाटत राहते. पोट, मांड्यांचा आतील भाग किंवा पाठीचा मागील भाग दोन्ही बाजूंनी सारखाच केसविरहित झाला असेल, तर केस गळले नसून चाटून तुटले असण्याची शक्यता अधिक. मान आणि पाठीवरून हात फिरविताना बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागणे, वरच्या ओठावर व्रण येणे, पोटावर लालसर ओलसर चट्टे उठणे, मान आणि चेहरा ओरबाडून जखमा होणे ही इतर लक्षणे होत.

पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही, असा निष्कर्ष काढू नये. चाटता चाटता मांजर पिसवा गिळून टाकते. त्यासाठी एक सोपी चाचणी करता येते. उवा काढण्याच्या बारीक दातांच्या फणीने मांजराची पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरावे. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवावेत. काही क्षणांत कणाभोवती तांबूस वलय पसरले तर ती पिसवेची विष्ठा होय. वलय न पसरल्यास साधी धूळ समजावी. गुदद्वाराभोवती किंवा झोपण्याच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास तेही पिसवांचे अप्रत्यक्ष लक्षण असते. एक प्रकारचा पट्टकृमी पिसू गिळल्यामुळेच मांजराच्या पोटात जातो आणि त्यासाठी कृमिनाशक औषध वेगळे द्यावे लागते.

ॲलर्जीशी साम्य असलेले तीन विकार आधी वगळावे लागतात. कान आणि चेहऱ्यापासून सुरू होऊन जाड करड्या खपल्या धरणारी खरूज, कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ साठविणारे कानातील कोळी आणि गोल आकारात केस जाणारा गजकर्ण. यांपैकी गजकर्ण घरातील लहान मुलांनाही होतो. या विकारांवर ॲलर्जीचे औषध, विशेषतः स्टेरॉइड, दिले गेल्यास रोग बळावण्याचा धोका असतो. पशुवैद्यक त्वचेचा खरवड आणि केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ते याच कारणासाठी.

उपचाराची पहिली पायरी : पिसवेचा बंदोबस्त

मिरचीवर फुलकिडे असताना केवळ खतांची फवारणी करून चुरडा-मुरडा हटत नाही. त्याचप्रमाणे पिसवा तशाच ठेवून केवळ खाज दाबणारी औषधे दिल्यास औषध संपताच खाज परत येते. म्हणून कोणत्याही खाजणाऱ्या मांजराच्या उपचाराची सुरुवात पिसवांच्या काटेकोर नियंत्रणाने होते.

मांजरांसाठी मान्यता असलेल्या औषधांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन, स्पिनोसॅड आणि फ्लुरालानेर ही प्रमुख नावे आहेत. यांतील बहुतेक औषधे मानेच्या मागे, मांजराची जीभ पोहोचणार नाही अशा जागी, केस बाजूला सारून थेट त्वचेवर थेंबांच्या रूपात सोडली जातात. औषध वाळेपर्यंत इतर मांजरांना ती जागा चाटू देऊ नये. औषध लावण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस मांजराला आंघोळ घालू नये. औषधाचा परिणाम किती दिवस टिकतो हे वेष्टनावर दिलेले असते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड आणि सेलामेक्टिन साधारण महिन्याने पुन्हा लावावे लागतात. यांतील बहुतेक औषधे ८ आठवड्यांहून लहान पिलांवर वापरू नयेत. त्यांच्यासाठी बारीक फणी हाच सुरक्षित मार्ग. ज्या मांजराला पूर्वी झटके आले असतील त्याची माहिती पशुवैद्यकास अवश्य द्यावी, कारण फ्लुरालानेरच्या गटातील औषधे अशा मांजरांत जपून वापरावी लागतात.

ही नावे वाचताना प्रगतशील शेतकऱ्याच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे. इमिडाक्लोप्रिड कपाशीवरील तुडतुड्यांसाठी, स्पिनोसॅड अळ्यांसाठी आणि फिप्रोनिल भातावरील खोडकिडीसाठी घरात आहेच; मग तेच पातळ करून का लावू नये? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे लागेल : लावू नये. पिकांसाठीच्या द्रावणात क्रियाशील घटकासोबत जे द्रावक आणि चिकटविणारे पदार्थ असतात ते प्राण्याच्या त्वचेसाठी किंवा पोटात जाण्यासाठी तपासलेले नसतात. टक्क्यांच्या आकड्यांची तुलनाही फसवी असते. मांजरासाठीच्या नळीतील फिप्रोनिलचे प्रमाण सुमारे १० टक्के आणि शेतातील एका प्रचलित द्रावणात ५ टक्के, म्हणून दुसरे सौम्य ठरत नाही. नळीत औषध केवळ अर्धा मिलिलिटर असते, ते एका जागी सोडले जाते आणि त्वचेतील तैलग्रंथींत साठून सावकाश पसरते. शेतातील द्रावणाने अंग भिजविल्यास मांजर ते चाटून पोटात घेते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये पीक संरक्षणाच्या औषधाच्या वेष्टनावर ज्या पिकाचा व किडीचा उल्लेख असतो, तेवढ्यापुरताच त्याचा वापर अभिप्रेत आहे.

दुसरी पायरी : खाज शमविणारी औषधे

पिसवांचे नियंत्रण सुरू झाल्यावरही खाज थांबण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत मांजराने स्वतःला ओरबाडून जखमी करू नये म्हणून दाहशामक औषधे दिली जातात.

यांत स्टेरॉइड गटातील औषधे सर्वांत जलद काम करतात. मांजरासाठी प्रेडनिसोलोन हे योग्य औषध आहे. नामसाधर्म्यामुळे प्रेडनिसोन दिले जाते. परंतु मांजराचे शरीर त्याचे क्रियाशील रूपात पुरेसे परिवर्तन करू शकत नाही. आरंभी शरीरवजनाच्या दर किलोस साधारण १ ते २ मिलिग्रॅम रोज अशी मात्रा असते, खाज आटोक्यात येताच ती क्रमाने घटवून एक दिवसाआड आणली जाते. मात्रा आणि कालावधी पशुवैद्यकानेच ठरवावयाचा असतो. गोळी गिळत नाही म्हणून दीर्घकाळ परिणाम टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन वारंवार देण्याचा प्रघात आढळतो. त्याचा परिणाम कित्येक आठवडे राहतो आणि दुष्परिणाम दिसू लागले तरी दिलेले औषध परत काढून घेता येत नाही. मधुमेह, त्वचा पातळ होणे, जंतुसंसर्ग आणि सुप्त हृदयविकार असलेल्या मांजरात हृदयक्रिया बिघडणे हे धोके लक्षात घेता असे इंजेक्शन अपवाद म्हणूनच वापरले जावे.

दीर्घकाळ उपचार लागणार असल्यास सायक्लोस्पोरिन हा पर्याय आहे. दर किलोस सुमारे ७ मिलिग्रॅम रोज या प्रमाणात किमान चार ते सहा आठवडे दिल्यावर त्याचा पूर्ण परिणाम दिसतो. नंतर मात्रा विरळ करता येते. उलटी आणि जुलाब हे त्याचे सामान्य दुष्परिणाम. शेतघरातील मांजराच्या बाबतीत मात्र एक विशेष अडचण आहे. हे औषध प्रतिकारशक्ती दाबते आणि उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होण्याची शक्यता असते. औषध चालू असताना कच्चे मांस आणि शिकार दोन्ही टाळावी लागतात. ज्या मांजराचे कामच शिकार करणे आहे, त्याच्यासाठी हे औषध निवडताना ही बाब पशुवैद्यकास आवर्जून सांगावी.

क्लोरफेनिरामाइन, सेटिरिझिन यांसारखी हिस्टामिनविरोधी औषधे स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित असली तरी मांजरांतील त्यांचा गुण मर्यादित आणि मांजरागणिक वेगळा असतो. त्यांचा खरा धोका निराळ्या ठिकाणी दडलेला आहे. औषधाच्या दुकानात ही नावे सांगितली असता अनेकदा सर्दीची संयुक्त गोळी हाती येते. तिच्यात सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामाइनसोबत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारा घटकही असतो. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एकच गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून गोळीच्या पट्टीवरील सर्व घटक वाचल्याशिवाय ती मांजराला देऊ नये.

कुत्र्यांच्या ॲलर्जीवरील दोन नवी औषधेही चौकशीत येतात. त्यांपैकी ओक्लासिटिनिब कुत्र्यांसाठी मान्य आहे, मांजरांसाठी नाही. लोकिवेटमॅब हे इंजेक्शन कुत्र्याच्या प्रथिनांवर आधारित प्रतिपिंड असल्याने मांजराला देऊच नये. ओरबाडलेल्या जखमांत जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रतिजैविकाचा निर्णय तपासणीनंतर घेतला जातो.

पिसवांवर पूर्ण नियंत्रण मिळूनही खाज टिकली तर आहाराची चाचणी केली जाते. मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार किमान ८ आठवडे द्यावा लागतो. या काळात सुकट, दूध, उंदीर, शेजारच्या घरातील घास यांपैकी काहीही चालत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरात ही चाचणी कठीण असली तरी काही आठवडे बंदिस्त ठेवून ती करता येते.

मांजराचे यकृत वेगळे का?

बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत अनेक औषधांना आणि विषांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन त्यांना पाण्यात विरघळणारे बनविते आणि शरीराबाहेर टाकते. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे. त्यामुळे पॅरासिटामॉल, फिनॉल आणि त्यांच्या जातकुळीतील पदार्थ मांजराच्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांचा निचरा मंद होण्यामागेही विषनिवारणाची हीच उणीव असल्याचे मानले जाते. त्यात मांजराची चाटण्याची सवय भर घालते. अंगावर जे पडते ते पोटात जाते.

गोठ्यातील गोचीड नियंत्रणासाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांची द्रावणे, तसेच कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजरावर कधीही वापरू नयेत. असे थेंब नुकतेच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेही मांजराला विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. ॲमिट्राझ, क्लोरपायरिफॉस आणि जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन यांचा घरगुती अंदाजाने वापरही तितकाच घातक. फिनाइल, रॉकेल, डांबरगोळ्या, तंबाखूचे पाणी आणि तीव्र वासाची सुगंधी तेले या घरगुती उपायांनाही मांजराच्या बाबतीत थारा देऊ नये. पिसवा जाव्यात म्हणून लसूण खाऊ घालण्याची पद्धत काही भागांत आहे. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात.

विषबाधेची लक्षणे दिसल्यास

पायरेथ्रॉइडची विषबाधा बहुधा काही तासांत प्रकट होते. कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडणे, सर्वांग थरथरणे, लाळ गळणे, चाल अडखळणे आणि पुढे झटके अशी लक्षणे दिसतात. मांजर शुद्धीत असेल आणि झटके येत नसतील तर कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य द्रवसाबण वापरून अंगावरील औषध धुऊन काढावे, अंग कोरडे करून मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळावे आणि ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे. कढत पाणी वापरू नये. त्याने त्वचेतून विष शोषले जाण्याचा वेग वाढतो. मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. तोंडात दूध, तूप किंवा तेल घालू नये.

औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन सोबत नेणे अत्यावश्यक आहे, कारण प्रत्येक विषावरचा उपाय निराळा असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषावर ॲट्रोपिन उपयोगी पडते, पायरेथ्रॉइडवर तो उतारा नव्हे. तेथे स्नायू शिथिल करणारी आणि झटके थांबविणारी औषधे लागतात. पॅरासिटामॉलवरील उतारा असिटिलसिस्टीन हा असून तो माणसांच्या रुग्णालयांतही ठेवलेला असतो. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसणे आणि चेहरा व पंजे सुजणे ही पॅरासिटामॉल विषबाधेची खूण होय.

घर, गोठा आणि कोठार

९५ टक्के पिसवा परिसरात असल्याने मांजरावरील औषध एकटे पुरत नाही. मांजर जेथे झोपते ती जागा शोधून तेथील गोणपाट, जुने कपडे, चटया आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. कोठाराचे कोपरे, लाकडी फळ्यांखालची जागा, गोठ्यातील कोरडा गाळ झाडून गोळा करावा आणि तो घरापासून दूर पुरावा किंवा जाळावा. जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. कोठारात हवा खेळती राहील आणि ओल साठणार नाही अशी व्यवस्था केल्यास धान्याच्या किडी आणि पिसवांच्या अळ्या या दोहोंना आळा बसतो.

प्रादुर्भाव तीव्र असल्यास मेथोप्रिन किंवा पायरिप्रॉक्सिफेन यांसारखे कीटकवाढ नियंत्रक झोपण्याच्या जागी वापरता येतात. अळीची पुढील वाढ ते रोखतात. कोषावर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. साठविलेल्या धान्यावर किंवा चाऱ्यावर ते पडू देऊ नयेत. घरातील सर्व मांजरे आणि कुत्री यांच्यावर त्या त्या प्राण्यासाठीच्या औषधाने एकाच वेळी उपचार करावेत. शेळ्या-करडांची तपासणीही करावी.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत नव्या पिसवा दिसत राहतात. औषध निकामी ठरले असे समजून अनेक जण या टप्प्यावर उपचार सोडतात किंवा अधिक तीव्र विषाकडे वळतात. वस्तुतः त्या पिसवा आधीच्या कोषांतून बाहेर पडत असतात आणि अंडी घालण्यापूर्वी औषधाने मरतात. सलग किमान तीन महिने उपचार चालू ठेवल्यास हा साठा संपतो. औषध लावलेले मांजर ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नये. इंग्लंडमधील नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड आढळले असून पाळीव प्राण्यांवरील औषधे हा त्यांचा एक स्रोत मानला जातो. मधमाश्या आणि जलचर कीटकांसाठी ही दोन्ही रसायने घातक आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. विस्तार कार्यकर्त्याने औषध सुचवावे अशी अपेक्षा नाही. परंतु चुकीचे औषध थांबविणे त्याच्या हाती निश्चित आहे. गोचीड नियंत्रणाच्या प्रात्यक्षिकात द्रावण कसे तयार करावे हे सांगताना ‘हे मांजरावर नको’ हे एक वाक्य जोडता येते. द्रावण फवारल्यावर गोठा वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवण्यास सांगता येते. ओल्या कागदाची चाचणी शेतकरी महिला गटांच्या आणि शाळांच्या बैठकीत पाच मिनिटांत दाखविता येते. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

कोणत्याही औषधाचा थेंब मांजरावर पडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. वेष्टनावर मांजराचा स्पष्ट उल्लेख आहे काय? मांजराच्या वजनानुसार मात्रा दिली आहे काय? पिसवा आहेत किंवा नाहीत, हे फणीने तपासले आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर बाटली परत फडताळात ठेवून पशुवैद्यकाकडे जावे. खाज एक दिवस थांबू शकते आणि तेवढ्या अवधीत योग्य औषध मिळू शकते. वर्षानुवर्षे कोठार राखणाऱ्या या मूक सोबत्यासाठी एवढी तसदी फार मोठी नाही.